नाल्याची मालकीण

मंडळी, आणि नामदेवभाऊ,

मारुतीच्या पारासमोर इतकी माणसं मी कधी पाहिली नाहीत. खालच्या गावचे पाहुणे मागे बसले आहेत, त्यांनी जरा पुढे सरकावं. माझा आवाज आज फार लांब जाणार नाही. शाळेत रोज बोलणारा माणूस मी. पण वर्गात चुकलं तर उद्या दुरुस्त करता येतं. आज सुभद्रामायबद्दल चुकलो, तर ‘मास्तर, असं नोतं’ म्हणून ओरडायला ती मागच्या रांगेत नाही.

मी डायरी लिहितो, म्हणून मला सगळं नीट आठवतं असा तुमचा समज आहे. तसं नाही. लिहितानाही आपण माणसाला थोडं उजळून घेतो. तेव्हा बोलता बोलता मी सुभद्रामायची देवी करू लागलो, तर मला तिथंच थांबवा. ती देवी नव्हती. ती भांडखोर होती. तिनं चुकाही केल्या. पण आपला नाला आज चैत्रात वाहतो आहे, मंडळी. चैत्रात! हे कसं झालं ते सांगायचं तर तिच्याबद्दलच बोलावं लागतं.

बहात्तरच्या दुष्काळात पोळ्याला बैल कसे धुतले, आठवतं ना? फडकं ओलं करून पाठी पुसल्या. त्या दिवशी सुभद्रामाय आपल्या बैलांसमोर तोंडावर पदर घेऊन बसली होती. नवरा गेला तेव्हाही तिला तसं बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही, म्हणून ‘म्हणतात’ म्हटलं.

दुसऱ्या वर्षी नाला अडवायची कल्पना निघाली. ती तिची नव्हती आणि माझीही नव्हती. दुष्काळी कामावर दगड फोडून आलेल्या आपल्याच माणसांची ती. मी फक्त सभा बोलावली आणि म्हटलं, इर्जिक करू. गावानं एका दिवसात काम उरकायचं आणि ज्याचं काम त्यानं पंगत घालायची, ही आपली जुनी रीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात पुंडलिकराव उठले. हसू नका पुंडलिकराव, तुम्हाला विचारूनच सांगतो आहे. ते म्हणाले,

“मास्तर, मालकाबिगर इर्जिक होते का? नाला सरकारचा. मंग सरकारनंच रोडगे घालावं!”

सगळे हसले आणि पायात वहाणा घालू लागले. सभा मोडलीच होती. तेव्हा बायकांच्या बाजूनं सुभद्रामायचा आवाज आला,

“सरकारले रोडगे थापता येते का? मी थापतो. नाला माहा.”

“कधीपासून वो माय?”

“आत्तापासून. तुमाले पाह्यजे होता, तं तुमी काहून नाही बोलले?”

आणि अमावस्येला, बैल जुंपत नाहीत त्या दिवशी, गाव नाल्यावर आलं. रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन आपण मातीचा बांध घातला. कुठे घातला? पोळ्याला बैल धुतो त्या घाटावर, गावाच्या अगदी खाली. हा आग्रह सुभद्रामायचा. कोणी म्हणालं होतं की वरून सुरुवात करू. तिनं ऐकलं नाही. “माह्या बैलाइले पोळ्याले पाणी पाह्यजे,” एवढंच तिचं म्हणणं. मालकीण ती. आपण बांधला.

बांध श्रावणात फुटला. सगळा गाळ पुंडलिकरावांच्या पराटीत, उभ्या कपाशीत, गेला. हिरवं शेत सकाळी काळं दिसत होतं. पुंडलिकराव तडक तिच्या दारात.

“माय, नाला तुमचा ना? मंग तुमच्या नाल्यानं माही पराटी गाडली!”

मी तिथे होतो. मला वाटलं, आता ती म्हणेल, बांध काय मी एकटीनं घातला? गावानं घातला. असं म्हणाली असती तर खोटंही नव्हतं. मी स्वतः बहुधा तेच म्हटलं असतं. हे मी स्वतःला पुष्कळदा विचारून पाहिलं आहे. ती म्हणाली,

“हो. नाला माहा, गाळबी माहा.”

आणि घमेलं घेऊन त्यांच्या शेतात उतरली. नामदेवभाऊ, तुम्ही आईसोबत होता. गाव मदतीला निघालं तर तिनं परतवलं. “इर्जिक नाही मांगितली मी. घरचं काम हाय.” झाडाच्या बुडापासून हातानं गाळ ओढायचा, घमेल्यात भरायचा, बांधावर टाकायचा. सगळी पराटी वाचली नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण एका दुपारी पुंडलिकराव स्वतः घमेलं घेऊन तिच्या शेजारी बसले. बायको रागावली तर म्हणाले, “मायले अशी पाहून घास नाही जात माह्या गळ्याखाली.”

तिथंच, मंडळी, गाळात बसून पुढचं ठरलं. सुभद्रामाय म्हणाली, “चुकलं माहं. पायाले पगडी बांधली आपण.” वरचं बरड, जिथून सगळं पाणी सुटतं, ते पुंडलिकरावांचं. ते म्हणाले, “दगड लागन तेवढे घ्या. पण बकऱ्या आधी तुमच्या बांधा, गवत राहू देत नाही त्या.” तिनं दुसऱ्या दिवशी बकऱ्या दावणीला बांधल्या आणि विळा घेऊन चारा कापायला गेली. तिच्या बकऱ्या बांधल्यावर कोणाची छाती होती आपल्या सोडायची?

मग वरून खाली. ओघळीत दगडाचे लहान लहान बांध. दिवाळीपासून होळीपर्यंत, दर अमावस्येला. वर्षानुवर्षं. पंगतीत ती वाढायची आणि टोमणेही मारायची. “मास्तर, दगड उचला, धडा नका शिकवू त्याले!” आधी बरडावर गवत उभं राहिलं. मग विहिरी दिवाळीनंतरही भरलेल्या राहू लागल्या. मग नाला संक्रांतीपर्यंत, मग होळीपर्यंत. आणि यंदा? खालच्या गावचे हे पाहुणे एकदा ‘आमचं पाणी अडवता’ म्हणून भांडायला आले होते. आज त्यांच्याही शिवारात धार आहे. विचारा त्यांना!

हे आपण केलं. कोणी येऊन करून दिलं नाही. शोकसभेत असं छाती काढून बोलावं का, याचा मी विचार केला. बोलावं. रडण्यासारखं आहेच. मिरवण्यासारखंही आहे.

आता एक अवघड गोष्ट. वरच्या मोठ्या ओघळीतला बांध गेल्या पावसात ढासळला, ती अजून उघडी आहे. ती पावसाआधी बांधली नाही, तर पहिल्या लोंढ्यात खालचे बांध एकामागून एक जातील. अमावस्या जवळ आली आहे. काल कोणी म्हणालं, मालकीण गेली, वर्षभर थांबू. आणि नामदेवभाऊ मला म्हणाले, “मास्तर, मायच्या नावानं मी घालतो पंगत.”

भाऊ, तुमचं मन मोठं आहे. पण मला ते पटत नाही, आणि तुमच्यासमोरच सांगतो. तुम्हाला तिचं शेत मिळेल, घर मिळेल. नाला मिळणार नाही. तो वारशाचा नाही. जो गाळही आपला म्हणेल, त्याचा तो. तुम्हीही तसं म्हणू शकता, पण मुलगा म्हणून नव्हे. मी एकट्यानं घेईन असं म्हणणार होतो. मग वाटलं, एक माणूस गेला की काम थांबावं, ही पाळी पुन्हा का आणायची?

म्हणून असं करू. सगळे उभे राहा. सुभद्रामायसाठी थोडा वेळ गप्प राहू. मी ‘बसा’ म्हणालो की बसा. ज्यांना येत्या अमावस्येचं मालकपण घ्यायचं आहे, पंगतीसकट, गाळासकट, त्यांनी बसू नये.

मी बसणार नाही.

सुभद्रामाय, तुला या गावाचा रामराम.

उठा, मंडळी.