न खाल्लेलं डाळिंब

आजच्या मेजवानीचे अध्यक्ष आणि आपल्या कुंभारवाड्यातले सर्वांत वडील भट्टीवाले क्लेओमेदेस, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले माझे मित्र आणि आजचे सत्कारमूर्ती चित्रकार लिकिनोस, त्यांना न्यायला आइगिना बेटावरून आलेली त्यांची कन्या मिर्तो, आणि हातापायांची माती धुऊन किंवा न धुता आलेल्या माझ्या सर्व बंधूंनो,

देवांचा घोट जमिनीवर ओतून झाला आहे आणि आपला समोर वाट पाहतो आहे. तेव्हा मी थोडक्यात बोलेन, असं अध्यक्षांना कबूल केलं होतं. पण नक्की काय बोलावं, हे मला अजून कळलेलं नाही.

अठ्ठावीस वर्षं मी चाकावर भांडं घडवलं आणि लिकिनोसनं त्यावर देव बसवले. त्याचा हात कधी चुकला नाही. चुकायला लागला तो गेल्या हिवाळ्यात. समुद्रदेव पोसायडनच्या हातात त्रिशूळ हवा, तिथे यानं त्याचा भाऊ झ्यूस याची वीज दिली. गिऱ्हाइकानं विचारलं, तर म्हणाला, "भावाकडून मागून आणली असेल." सगळे हसले, मीही हसलो. मग एकदा त्यानं मला फेनिप्पोस म्हणून हाक मारली. फेनिप्पोस त्याचा भाऊ. त्याला जाऊन वीस वर्षं झाली. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

वसंतात अर्किप्पोस आमच्याकडे आले. त्यांची आठ वर्षांची मुलगी हेदिस्ते तापानं गेली होती. नवव्या दिवसाच्या विधीला कबरीवर ठेवायची तेलाची पांढरी सुरई हवी होती. "पर्सेफोनी काढा," ते म्हणाले, "तीही आईपासून तुटलेलीच मुलगी." 

लिकिनोसनं चार दिवस मान वर केली नाही. पाचव्या दिवशी मी सुरई हातात घेतली. पाताळाचा राजा हेडीस सिंहासनावर बसलेला, समोर पर्सेफोनी उभी. तिच्या हातात डाळिंब होतं, सबंध, सालही न फुटलेलं. आणि ती ते त्याला परत देत होती.

आता सांगा, ही गोष्ट आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? हेडीसनं पळवून नेल्यावर तिनं ते दाणे खाल्ले, म्हणून तर तिला दरवर्षी पाताळात जावं लागतं. खाल्ले नसते, तर आई देमेतर तिला कायमची घरी घेऊन आली असती.

"लिकिनोस, हे काय आहे?" मी विचारलं.

"डाळिंब."

"ते दिसतंय मला. ती परत का देतेय?"

त्यानं सुरई माझ्या हातून घेऊन चित्र पाहिलं. मग त्यानं मलाच विचारलं, "मग काय करते ती?"

मित्रांनो, त्याचा तो चेहरा मी तेव्हापासून शंभर वेळा आठवून पाहिला. तो खरंच विचारत होता, की माझी परीक्षा घेत होता?

सुरई पाहून अर्किप्पोस संतापले. "माझ्या पोरीच्या कबरीपाशी लोकांनी हसायचं का? देवीचा कोप झाला तर कुणी सोसायचा? फोडून टाका ही. दुसरी करा, नीट." त्यांचं चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही. मी शेजारच्या चित्रकाराकडून दुसरी करून घेतली. पहिली फोडायला दोनदा हात उचलला, आणि शेवटी ती भट्टीच्या लाकडांमागे ठेवून दिली.

विधीच्या आदल्या दिवशी हेदिस्तेची आई म्नेसो आली. डोईवरून पदर, बरोबर एक दासी.

"ती चुकलेली सुरई फोडलीत?"

"हो," मी खोटं बोललो.

"नाही बाई," पलीकडून लिकिनोस म्हणाला, "लाकडांमागे आहे."

हे मात्र त्याच्या बरोब्बर लक्षात होतं.

तिनं सुरई उजेडात धरली. सावकाश फिरवून सगळं चित्र पाहिलं. मग ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "बाबा, खरं सांगा. हे तुम्ही मुद्दाम काढलंत, की विसरलात?"

"मला सांगता येत नाही, पोरी." तो हातावरचा वाळलेला रंग खरवडत होता. "मी काढत होतो, तोवर तरी तिनं खाल्लं नव्हतं."

म्नेसो सुरई पदराखाली घेऊन निघून गेली.

नवव्या दिवशी मीही कबरीपाशी गेलो. जाणं भाग होतं. अर्किप्पोसनी नीट केलेली सुरई पायरीवर ठेवली. म्नेसोनं तिच्या शेजारी ती चुकलेली ठेवली. नातेवाईक एकमेकांकडे बघू लागले. अर्किप्पोस वाकले. मला वाटलं, आता ते ती दगडावर आपटणार. त्यांनी ती नुसती थोडी फिरवली, चित्रातल्या मुलीचं तोंड शहराकडे, घराच्या दिशेला येईल इतकीच. मग दोन्हींतलं तेल ओतलं.

दुसऱ्या दिवशी लिकिनोसनं कुंचले धुतले आणि काम सोडतो म्हणाला. मी कारण विचारलं. "लोक विचारतात," तो म्हणाला, "आणि मला उत्तर येत नाही."

तर असं आहे. आपण आज याच्या कलेचा सत्कार करतो आहोत, की याच्या विसरण्याचा, हे मला उमगलेलं नाही. दोन्हींपैकी जे असेल, ते त्यानं आपलं समजून घ्यावं.

अध्यक्षांनी मला कबुलीपेक्षा जास्त बोलू दिलं, त्यांचे आभार. ज्यांच्या घरून अंजिरं, चीज आणि मासे आले, त्यांचेही आभार. एखाद्या देवाबद्दल वावगा शब्द गेला असेल, तर देवांनी तो या कुंभाराच्या अडाणीपणावर सोडावा. एखाद्या माणसाबद्दल गेला असेल, तर त्यानं जेवणानंतर माझा कान धरावा.

आणि मिर्तो, बोटीत त्याला वाऱ्याच्या आड बसव. तिकडे तो कोळशानं भिंतीवर काही काढायला लागला, तर दुरुस्त करू नकोस. मी केलं, दुसरी सुरई करून घेतली. पुन्हा वेळ आली, तर बहुतेक पुन्हा करेन. म्हणून तर त्याला तूच घेऊन जा.