आण्णांचा टँकर

इलेक्शनच्या तोंडावर कादंबरी छापू नये बाबांनो. मी छापली. आमच्या मास्तरांनी आधी एक लिहिली होती, दुष्काळात मोठ्या होणाऱ्या पोराची. त्यातला दूध सोसायटीचा चेअरमन गावाच्या पाण्याचा टँकर आपल्या वस्तीवर पळवतो. तो म्हणजे आमचे आण्णा, हे गावाला ठाऊकच. मी तोच चेअरमन उचलला, पण गोष्ट सांगितली त्याच्या वयात येणाऱ्या लेकीची. लेक बोलणं सोडते, बाप विरघळतो, टँकर गावाला परत देतो. म्हटलं, आण्णा खूश होतील.

पुढं लिंबागणेशला हॉटेलात आण्णा दिसले. नुकतेच सोसायटीच्या इलेक्शनात पडले होते.

"लेखक, इकडं ये. मास्तरनं मला चोर केलं, तरी वस्ती माझ्या मागं व्हती. तू देवमाणूस केलं अन् पाडलं!"

"मी काय केलं, आण्णा?"

"वस्तीवाले इचारतात, आपला टँकर परत कावून दिला?"

"मग गावानं तरी मतं दिली असतील की!"

"गाव म्हणतंय, टँकर आमच्याकडं आलाच न्हाई."

आण्णांनी माझ्यापुढं चहा सरकवला.

"पुढल्या इलेक्शनच्या आधी तिसरी लिही. अन् तो टँकर कुठंतरी एका जागी उभा कर!"