दारावरचा कान

नाही हो अण्णा, आत कोणी आहे म्हणून तर तुम्हाला एवढं पळवत आणलं — रिकामं घर असतं तर बसले असते मी पायरीवर, नवरा कामावरून येईपर्यंत. मुलगी आहे आत. सिद्धी. चार वर्षांची. किल्ली फिरवायला गेले आणि अर्धी कुलपातच तुटली, ही बघा, मूठ तेवढी राहिली हातात. घाईत जास्त पिळली असणार. तो तुकडा काढा तुम्ही, पण स्वल्प, जरा हळू — खाली मालकीणबाई झोपल्यात. बेळगावात काम केलंय म्हणालात, मराठी कळतं, तेवढं बरं झालं. कानडी मला भाजीवाल्यापुरतंच येतं.

रडत का नाही? नाही रडणार ती. आजारी नाही, काही नाही, चांगली बडबडी आहे, ह्यांच्यासमोर तर तोंड बंद नसतं तिचं — पण दाराला बाहेरून कुलूप असलं की बोलत नाही. शिकवलंय तसं. म्हणजे मी रोज नाही हो जात असं सोडून. आठवड्यातून दोनदा, ह्यांची दुपारची पाळी असली की. इथे यशवंतपुरातच कारखान्यात आहेत ते. ते गेले की मी जाते, मल्लेश्वरमला, एक क्लास आहे तिथे. कसला म्हणजे — तुम्हाला हसू येईल. गेम बनवायचा. गुरुप्रसाद सर म्हणून आहेत, लहान मुलांचे खेळ करतात, कॉम्प्युटरवरचे, आणि डब्यातले पटाचेही. मी आधी तिथे नुसते खेळांचे डबे चिकटवायला जायचे. पलीकडच्या खोलीत सर शिकवायचे, चित्र कुठे ठेवायचं, रंग कुठला, माणसाची नजर पहिल्यांदा कुठे जाते — आणि माझ्या बोटांवर खळ वाळून जायची ऐकता ऐकता. एकदा धीर करून विचारलं, सातवी शिकलेल्या बाईला मागे बसता येईल का. बसा म्हणाले. ह्यांना विचारलं तर म्हणाले, 'इथल्या बसची पाटी वाचता येत नाही तुला, आणि निघाली गेम बनवायला.' मग परत नाही काढला विषय. मालकीणबाईंकडे ठेवू म्हटलं पोरीला, तर त्यांना कळलं म्हणजे ह्यांना कळलंच.

निघतोय का तुकडा? नाही, असू दे, तुम्ही तुमचं करा, मी बोलत राहते — गप्प बसले ना, की मला आतलं काहीच ऐकू येत नाही ते ऐकू येतं.

तर मी काय केलं, तिच्यासाठी घराचाच गेम केला. एकच तर खोली. बसायच्या जागी पिवळा मोठा गोल, कागदाचा, जमिनीला चिकटवलेला. तिथून निळी पावलं माठापर्यंत, निळीच पावलं मोरीपर्यंत — एका कामाला एकच रंग, नाहीतर मूल गोंधळतं. स्टोव्हच्या बाजूला काहीसुद्धा नाही चिकटवलं. आधी लाल फुली लावणार होते, धोका म्हणून. पण सर म्हणाले होते, लाल दिसलं की पोर तिकडेच धावतं, जिकडे न्यायचं नाही तिकडे रिकामं सोडा. सोडलं रिकामं. आणि खरंच अण्णा, जात नाही ती तिकडे, स्टोव्ह नाहीच जणू तिच्या लेखी. आणि दाराला आतून एक कान काढून लावलाय. हाच, ह्याच फळीला. एवढा मोठा काळा कान आणि भोवती सगळं पांढरं, म्हणजे दुसरीकडे बघायला काही नकोच. कान ऐकतोय, आवाज केला की हरलो. पहिल्या दिवशी मी जिन्यात उभी राहून ऐकलं, तिला खोकला आला तर उशीत तोंड घालून खोकली. मला इतकं बरं वाटलं होतं. बरं वाटलं होतं हो.

सिद्धी... बाळा, आई आलीये. ऐकलंत? काही नाही. मघापासून असंच. आता हे काही नाही म्हणजे ती खेळतेय, की — कसं ओळखायचं? क्लासमध्ये हे पण सांगितलं होतं, खेळ चालू आहे की मोडलाय ते बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. मी सगळं आत ठेवलं. बाहेरच्यासाठी काही ठेवलंच नाही.

उशीर आज झाला, एरवी नाही होत. सरांनी थांबवलं. माझा पट बघितला त्यांनी, हाच, घराचा, कागदावर उतरवून नेला होता. बोटानं निळी पावलं चालून बघितली. मग म्हणाले, कुणावर खेळून बघितलात? म्हटलं, मुलीवर. म्हणाले, अक्षर न वाचता नियम कळतोय, सोमवारपासून चित्रं काढायला या, डबे पुरे. बसमध्ये मी हसत होते एकटीच. त्यांना सगळ्यात काय आवडलं सांगू — दोन बायकांचं चित्र. ते मी नंतर घातलं. एकदा ह्या खालच्या मालकीणबाई वर आल्या होत्या, दार वाजवलं, 'सिद्धी' म्हणून हाक मारली, आणि पोरगी ओ देणार होती, मला नंतर सांगितलं तिनं. मग मी शिकवलं, चोर असतो तो आईचा आवाज काढतो. दिसतो पण आईसारखाच. दोन बायका काढल्या शेजारी शेजारी, तीच साडी, तीच वेणी, तेच कुंकू. फक्त एकीच्या हातात किल्ली. सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट वेगळी ठेवली की नजर बरोबर तिथे जाते. किल्ली फिरल्याचा आवाज आला की पिवळ्या गोलात उभं राहायचं, आई आली. दुसरा कसला आवाज आला की —

थांबा. अण्णा, हात थांबवा जरा.

ती तुमचं खरवडणं ऐकतेय. एवढा वेळ. आणि बाहेर मी हाका मारतेय, बाळा, बाळा.

नाही, थांबून तरी काय करणार, उघडावं तर लागेलच. करा. सरी, बरं, करा. निघाला तुकडा? कुलूपही सुटलं? — तुम्ही नका ढकलू, मी ढकलते. तुम्ही मागे व्हा.

आहे. आहे हो, बरी आहे. पलंगाखाली, भिंतीला चिकटून बसलीये, बघा, डोळे चमकतायत. लघवी झालीये तिथेच. सिद्धी, ये बाळा. कान गेला, संपला खेळ, तू जिंकलीस. ये ना. बघ, आईच आहे. — तोंडाकडे बघतच नाहीये माझ्या. हातांकडे बघतेय. ही बघ किल्ली, तुटली गं, ही मूठ, आणि तो तुकडा — द्या अण्णा, द्या इकडे — हा बघ, दोन्ही मिळून एकच आहे, असं धरलं की —

दोन्ही हात दाबून धरलेत तिनं तोंडावर. अजून मागे सरकतेय.

तुम्ही जा अण्णा. नाही, दुसरी किल्ली नको, काही नको आता, जा तुम्ही. आणि जाताना दार ओढून — नको. उघडंच राहू दे. खाली ऐकू गेलं तर जाऊ दे. जा.