ट्रेंचर्ड यांचा शिगोशीग चाल्ड्रन

नाव केझाया मॉब्स, वय ४६, धंदा कपडे धुणे व इस्त्री, राहणार फॉक्स लेन, शॅडवेल, लंडन. ता. १७ जानेवारी १८२७.

समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

आमच्या गल्लीत निराधार म्हाताऱ्यांचे घर आहे. तेथे डॉर्कस पिमबाई, वय ८१, राहतात. मला इस्त्री त्यांनी शिकवली. आठवडाभर त्यांची छाती भरली आहे. खोली गरम राहिली तरच त्या वाचतील, असे डॉक्टर सांगून गेले.

कोळशाचे व्यापारी ट्रेंचर्ड दर हिवाळ्यात या घराला एक चाल्ड्रन, म्हणजे छत्तीस बुशेल कोळसा दान देतात. त्याची पाटी चर्चमध्ये आहे. पाटी मोठी आहे.

काल सकाळी नऊला बारा पोती आली. मी शेगडी पेटवायला गेले. पोत्यांत नुसता चुरा, तोही ओला. तो गजांतून खाली पडे, उरलेला धुमसे. चाल्ड्रन मापाने भरतात, वजनाने नाही. ढेकळे फोडली की तोच कोळसा फुगतो, चोविसाचे छत्तीस बुशेल होतात. नदीकाठी हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मी फेरमोजणी मागितली. दुपारी दोनला सरकारी मापाडी आला. ट्रेंचर्डही आले, पांढरे हातमोजे घालून. मापाड्याने शिगोशीग छत्तीस मापे ओतली व म्हणाला, "माप भरलं, बाई. ढेकूळ केवढं असावं, ते कायद्यात नाही."

ट्रेंचर्ड हसून म्हणाले, "धर्माची गाय अन् दात का नाय, असं झालं तुझं!"

मी म्हणाले, "गाय कुठाय साहेब? शेण पाठवलंत. तेही सुकं असतं तर पेटलं असतं."

शेवटच्या मापात मुठीएवढा एकच खडा निघाला. तो मी फेकला. ट्रेंचर्ड यांच्या कपाळाला लागला. नेम चुकलेला नाही.

तक्रारीत 'भला मोठा कोळसा' असे लिहिले आहे. ते खोटे आहे. मोठा त्यांनी ठेवलाच कुठे होता? फेकल्याचा मात्र मला पस्तावा आहे. एवढा चांगला कोळसा वाया घालवण्याजोगे ते कपाळ नव्हते.

खडा मुद्देमाल म्हणून समोर टेबलावर आहे. मला कोठडीत ठेवायचे तर ठेवा. खडा आजच्या आज डॉर्कसबाईंकडे पोचवावा. तिकडे सकाळपासून शेगडी थंड आहे.

वरील मजकूर कारकुनाने मोठ्याने वाचला, मी ऐकला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. ट्रेंचर्ड यांच्या नावामागे कारकुनाने आपल्या मनाने 'दानशूर' लिहिले होते, ते माझ्यासमोर खोडले.

निशाणी फुली, केझाया मॉब्स