पट्टीवरचा शेक

— नोका वो बाई, नोका! मलम लावलं ना गुडघ्याले, आता त्याच्यावर थे फडकं करकचून आवळू नोका. आन् घरी गेल्यावर गरम पान्याची पिशवीबी ठेवू नोका त्याच्यावर. एक तर मलम, नाही तर शेक — दोन्ही एका टायमाले नाही. मले काऊन मालूम? मालूम हाये, बस. आन् पह्यले हात धुऊन या, तिकडं दवाखान्याचा नळ हाये. आमच्या गावचे उत्तमराव मास्तर, लय शिकेल मानूस, त्यायनं खांद्याले मिरचीचं मलम चोळलं आन् त्याच हातानं डोळा पुसला. सारी शाळा पाहून राह्यली आन् मास्तर पान्याच्या टाक्यात मुंडकं घालून उभे! हसा, हसा. मीबी लय हासली होती तवा.

नाही, मी डाक्तरीन कुठून होते? मी जनकाबाई, वरवट बकालची. पायाळू. मालूम हाये ना पायाळू? पायाकडून जलमली मी, डोकं मागून आलं. कोनाच्या पाठीत चमक भरली, कोनाची कंबर धरली, का आनलंच त्याले माह्या दारात. मी डावा पाय त्याच्या कंबरेले लावते, तीन वेळा, हलकाच, आन् मानूस उठून चालाले लागते. वडनेरहून लोक येतात वो, गाडी करून. एक रुपया घेत नाही मी कोनाचा. मंग रुईच्या पानाले तेल लावाचं, तव्यावर गरम कराचं, कंबरेवर ठेवाचं, आन् वरून गरम विटेचा शेक. वीट फडक्यात गुंडाळून, नुस्ती नाही. चाळीस वर्षं झाली. कोनाले काही झालं नाही. कोनाले म्हंजे कोनालेच नाही.

कोन हाये अंदर? पोरगी हाये माही. छाया. थ्या तिसऱ्या खाटेवर, ओली चादर टाकली ना अंगावर, थेच. ऊन लागलं तिले. मे महिना हाये, काय ऊन पडून राह्यलं पाहता ना, सकाळी नऊ वाजताच डोकं तापते. सलाईन लावली. पाहा ना जरा, तुमची नजर चांगली असन — छाती हालते का तिची? हालते? मले येथून नीट दिसत नाही. हालते ना? लय वेळानं हालते. मी मोजून राह्यली येथं आल्यापासून. एक श्वास घेते आन् मंग... मंग माहाच जीव जाते, तिचा दुसरा येईपर्यंत.

दोन सालाआधी स्कुटीवरून पडली थे. ग्रामपंचायतीत कंप्युटरवर बसते, आठ-आठ तास खुर्ची, कंबर कशी बरी होईन? माह्याकडे आली, मी पाय लावला. तीन वेळा लावला, सात वेळा लावला. गुण नाही. साऱ्या गावाची कंबर माह्या पायानं सुटते आन् माह्या पोटच्या पोरीची सुटत नाही! मंग जावाई तिले अकोल्याले घेऊन गेले, मोठ्या डाक्तरनं पट्टी देली. चिकटपट्टीसारखीच दिसते, बोटभर. एकदा चिकटवली का आठ दिवस हयूहयू औषध अंगात जाते म्हने. आन् गुण आला, बाई. खोटं काऊन बोलू? दोन सालात पह्यल्या डाव पोरगी सरळ उभी राह्यली.

सुट्टीत माहेरी आली पंधरा दिवस. शेजारच्या अनुपमाच्या घरी बसलो होतो, साऱ्या बायका होत्या, कोनी तरी म्हटलं, जनकाबाईची पोरगी बरी झाली, मायचा पाय लागला. तं हे हासली आन् म्हने, मायच्या पायानं नाही वो मावशी, पट्टीनं. सहजच म्हटलं तिनं. तिच्या मनात काही नव्हतं. पन मले लागलं, बाई. येथं लागलं. मी घरी आली आन् चूल पेटवून नुस्ती बसून राह्यली, पातेलंबी ठेवलं नाही चुलीवर.

तिनं मले सारं वाचून दाखवलं नव्हतं, असं नाही म्हनत मी. पट्टीच्या डब्यातला कागद घेऊन माह्यासमोर बसली. माय, आयक म्हने. पट्टी वर लावाची, खांद्याच्या मागं, नाही तं दंडाले. मी म्हटलं, दुखते कंबर आन् पट्टी दंडाले? कोनता शहाना म्हनते असं? मागच्याच्या मागच्या रविवारी मीच लावली तिच्या कंबरेवर, जिथं दुखते तिथं. तिचा हात पुरत नाही ना मागं. माय, पट्टीवर शेक नाही चालत म्हने, गरमीनं औषध एकदमच अंगात उतरते, मानसाले झोप लागते, श्वास मंद होते. मी म्हटलं, हाव हाव. माय, जुनी काढल्याबिगर नवी नाही लावाची. हाव माय, हाव. मी शाळेत गेली नाही, पन कान हायेत मले. सारं आयकलं मी. आयकलं आन् सोडून देलं.

आयका, तुमी आता उठू नोका. तुमचा नंबर अजून लय दूर हाये, थ्या पोरानं आताच पुकारला ना, एकवीस. बसा. कोनाले तरी सांगू द्या मले.

परवा रविवारी नवी लावाची होती. ह्या खेपेले म्हने, माय, वरच लाव, खांद्याच्या फऱ्यावर. लावली. आन् जुनी काढाले गेली तं थे कातडं ओढून राह्यली होती, पोरगी इव्हळली. म्हटलं राहू दे. आठ दिवस झाले, आता काय हाये तिच्यात? वाळलं सालपट. एकदोन शेक बसले का सैल होईन, आपसूक निघन. छायानं इचारलं, काढली का माय? मी म्हटलं, हाव, काढली.

काल दिवसभर कुरडया घातल्या आमी. तिले नको म्हटलं तरी बसली. आन् आज सकाळी कंबर धरली पुन्हा. मले... कसं सांगू तुमाले... मले बरं वाटलं, बाई. पोरगी कन्हून राह्यली आन् मायले बरं वाटलं! म्हटलं, पाह्य, तुही पट्टी कुठं गेली? शेवटी मायच पुरते का नाही? अशी नालायक माय पाह्यली का तुमी कधी? पाय लावला, मंग रुईचं पान, मंग वीट. एक थंडी झाली का दुसरी. थे म्हने, माय, बस. मी म्हटलं, दम धर, आज मुळातूनच काढते. मंग थे काही बोललीच नाही. मी म्हटलं, आराम पडला, झोपली. मी भाकरी टाकल्या, कुरडया उन्हात नेल्या, आन् अकरा वाजता उठवाले गेली, तं ओठ काळेनिळे. छाया, छाया. डोळा उघडे, पुन्हा मिटे. शेजारच्या फहीमनं गाडी काढली म्हनून येथवर पोहोचलो.

डाक्तरीनबाईनं इचारलं ना. तीन वेळा इचारलं. मावशी, काही औषध चालू हाये का, गोयी, इंजेक्शन, काही? मी म्हटलं नाही. ऊन लागलं म्हटलं. कुरडया घातल्या उन्हात, ऊन लागलं. माहं तोंडच असं चाललं, बाई, मले समजलंच नाही. समजलं. समजलंच होतं. म्हटलं, हे बाहेर गेलं तं उद्या कोन येईन माह्या दारात? जावायाले काय सांगू? आन् म्हटलं, पट्टी तं मी काढलीच हाये आता, गुंगी उतरन हयूहयू. हाव, गाडीतच काढली, फऱ्यावरची. हे पाहा, बटव्यात हाये. पाह्यली? एवढीशी. हात नोका लावू!

फेकली काऊन नाही? फेकू कशी? छायानंच वाचलं होतं ना, कुठंबी फेकाची नाही, चिकट बाजू अंदर दुमडून ठेवाची, लेकराच्या हाती लागू द्याची नाही. मी इचारलं होतं, वापरेल पट्टी लेकराले काय करते वो? तं म्हने, माय, वापरल्यावरबी तिच्यात औषध राहते —

राहते.

आठ दिवसानंतरबी राहते. सालपट नाही थे. बाई... बाई, जुनी तं तिच्या कंबरेवरच हाये. मी काढलीच नाही. त्याच्यावरच तं वीट ठेवली मी, दोन-दोन वेळा, त्याच्यावरच! आताबी हाये थे, परकराच्या नाडीखाली, वरून चादर टाकली, कोनाले दिसन? आताबी तिच्या अंगात जाऊन राह्यलं थे, आपन येथं बसून बोलून राह्यलो आन् —

डाक्तरीनबाई! ओ बाई! — थ्या अंदर हायेत, आयकू जात नाही. उठवा मले. हात द्या. पाय उचलत नाही वो, हा डावा पाय... साऱ्या जगाले लावला आन् आता उचलत नाही. सोडा मले, सोडा, तुमीच जा. गुडघा दुखते तुमचा, मालूम हाये, तरी जा. सांगा, ऊन नाही लागलं. सांगा, कंबरेवर पट्टी हाये, नाडीखाली, पह्यले थे काढा. हे बटव्यातलीबी घेऊन जा, दाखवा त्यायले. कोनी केलं इचारलं तं सांगा, मायनं केलं. माह्याकडे काय पाहता? जा ना!