घरातला वकील

भाची : सहीला एवढा विचार कशाला, मामा? अर्जावर एका वकिलाची शिफारस लागते, एवढंच. आज शेवटचा दिवस आहे, पाचला लॉ कॉलेजची खिडकी बंद होते.

मामा : अगं, मुदतवाढ नावाची गोष्ट असते. तीस वर्षं वकिली करतोय, शेवटचा दिवस म्हणतात तो कसा असतो, ते मी अजून पाहिलेलं नाही.

कारकून : साहेब, दोन नंबरच्या कोर्टात आपला पुकारा झाला.

मामा : मग पुढची तारीख मागा.

कारकून : मागूनच आलो. मिळाली.

मामा : बघ, असा कारकून मिळायला नशीब लागतं. तर काय सांगत होतो, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.

भाची : मी सात वर्षांची असतानाच चढलेय. आईचं बोट धरून.

मामा : ती गोष्ट वेगळी.

भाची : बरं, कोर्ट नको. कंपनीत नोकरी करेन.

मामा : चाळीस-चाळीस पानांच्या अटी लिहायच्या. वाचणारं कुणी नाही. लोक खाली टिचकी मारून मोकळे.

भाची : न्यायाधीशाची परीक्षा देईन.

मामा : आणि जन्मभर माझ्यासारख्यांचं ऐकत बसशील? पोटच्या पोरीसारखी आहेस म्हणून सांगतो, नको.

भाची : शिकवेन मग.

मामा : ज्यांची वकिली चालत नाही ते वकिली शिकवतात.

कारकून : साहेबांनीपण दोन वर्षं शिकवलंय.

मामा : तुम्ही जरा चहाचं बघा. हे बघ बाळा, इतकीच हौस असेल तर दुसऱ्या कुणाची सही घे. हे पाप माझ्या माथी नको.

भाची : आई म्हणते, घरात वकील असताना बाहेर कशाला जायचं? हॉस्पिटलनं तिला नर्सच्या कामावरून काढलं, तेव्हाही हेच म्हणाली होती.

मामा : ताईचा माझ्यावर विश्वास आहे.

भाची : अकरा वर्षं झाली त्याला.

मामा : केस नाजूक आहे. घाई केली की बिघडते. पण पुढच्या तारखेला बघच तू, मी स्वतः उभा राहतो.

कारकून : साहेब, ती आजच होती.

मामा : कुठली?

कारकून : ताईंची. दोन नंबरच्या कोर्टात. आत्ता पुढे ढकलली ती.

मामा : अहो, मग सांगायचं नाही का!

कारकून : आपण मागा म्हणालात. मी सवयीनं आधीच मागितली होती.

भाची : आई अजून तिथंच बाकावर बसलीय. भावाला काम असेल म्हणाली. तुमच्याबद्दल वाकडा शब्द काढू देत नाही ती. मला तुमचा राग येतोच, पण तिचा जास्त येतो.

मामा : मी बोलतो तिच्याशी.

भाची : बोला. पण आधी माझं ऐका. आई बावन्नची आहे. नर्सना अठ्ठावन्नला निवृत्त करतात. माझी डिग्री पाच वर्षांची. तिला कामावर परत न्यायला मला एक वर्ष मिळतं.

मामा : आणि त्याआधीच केस संपली तर?

भाची : तुम्हीच सांगा, संपेल?

मामा : सही कुठं करायची?