हातभर काठी

(बाळकुम, एप्रिल १९५४. बरीच वर्षं बंद असलेल्या एका घराचं स्वयंपाकघर. छपराची अर्धी कौलं उतरवलेली.)

धाकू : हात सरल करा, वैनी. कोपरापासना बोटांचे टोकापरत.

सुमती : परवा मोजलात की, धाकूभाऊ. दोन दिवसांत माझा हात वाढला का?

धाकू : हात नाय वाढला, काठी जलली. आमचे बायकोनी, गोदानी चुलीन घातली. बांबूचा तुकडा परलेला दिसला, दिला घालून. वर मनाच बोलते, कामाची होती तं खाली कशाला टाकली.

सुमती : बरोबर बोलली. पण काठी कशाला हवी? यांच्या पेटीत चांगली पट्टी आहे, ऑफिसातली. ती घ्या.

धाकू : पट्टीनं कपाट होतं, घर नाय होत. माजा बाप मिठागरावरचा काम संपला का सुतारकी करायचा. यो घर त्यानीच बांदला. तवा तुमचे सासऱ्यांचे हाताची काठी केली नि फली, खुंटी, चुलीचा ओटा, सगला त्या काठीनं घेतला. जो घरान ऱ्हानार त्याचा हात. एक घर, एक काठी.

सुमती : मग ती मामंजींची काठी कुठे गेली?

धाकू : काम झाला का वरती छपराचे आड्याला बांदतात. मालक जिता हाय तवर सोडत नाय. कौला उतरवली तवा गावली, पन वालवीनं खाल्लेली. हातान घेतली तं भुगा झाला.

सुमती : म्हणजे काठी मालकाच्या हाताची. मग माझा हात कशाला मोजताय? मालक हे. घर यांच्या वडलांचं.

धाकू : दत्ताभाव बोलले, वैनीचा घे.

सुमती : कधी बोलले?

धाकू : पयलेच दिवशी. मी त्यांचा हात धराया गेलो तं मागं घेतला. बोलले, माजा नको, तिचा घे.

सुमती : मला वाटलं, स्वयंपाकघरापुरतंच असेल. बाईमाणसाच्या सोयीचं.

धाकू : नाय नाय, सगलाच. बावीचा रहाट खाली घेतला तो पन. दाराचा अडसर पन हलका केला. मी बोललो, अडसर रातचा पुरुषमानूस लावते, हलका कशाला? तं बोलले, तिला एकटीला उचलता आला पायजे.

सुमती : एकटीला.

धाकू : हां. माजा कायतरी चुकला काय, वैनी?

सुमती : तुमचं काही नाही चुकलं. हा घ्या हात. नीट मोजा. हे आलेच बघा ठाण्याहून.

गुरुदत्त : अरे धाकू, कौलांचं झालं बघ. मंगलोरी मिळाली, उद्या सकाळी परशुराम गाडीवानाच्या बैलगाडीतून येतील. ठाण्याला नुसता उकाडा आहे. सुमती, पाणी दे गं थोडं. आणि हे काय, पुन्हा मापं?

सुमती : जुनी काठी गोदाने चुलीत घातली. अहो, तुमचा कोट कुठे अडकवायचा?

गुरुदत्त : कोट? अडकव कुठेही.

सुमती : तेच बघतेय. खुंट्या सगळ्या माझ्या हाताला येतात. तुमचा कोट जमिनीवर लोळेल.

गुरुदत्त : कोट मी घेऊनच जाणार आहे ना. वीस मेला मोंबासाची बोट. सहा महिन्यांत तिथे बिऱ्हाड मिळालं की तूही येशील. मग इथे कोट कशाला?

सुमती : मग इथे रहाट तरी कशाला? सहा महिन्यांसाठी रहाट खाली घेतलात, अडसर हलका केलात, छपराला मंगलोरी कौलं. गिरगावातल्या खोलीत चौदा वर्षं राहिलो आपण. तिथे तुम्ही एक खिळा ठोकला नाहीत. कॅलेंडर मी पिठाच्या डब्याला टेकवून ठेवत होते.

गुरुदत्त : ती खोली कंपनीची होती.

सुमती : आणि हे घर माझं झालं. कधी झालं तेवढं सांगा.

धाकू : मी जरा भायेर बसतंव.

सुमती : बसा इथेच, धाकूभाऊ. तुमच्यासमोर यांना खोटं बोलवत नाही.

गुरुदत्त : पाणी देतेस?

सुमती : देते. प्या आणि मग सांगा.

गुरुदत्त : करार तीन वर्षांचा आहे. एकट्याचा. राहायला मेस आहे, चौघांत एक खोली. पहिल्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, सहा महिन्यांनी बिऱ्हाडाची सोय होईल. दुसऱ्या पत्रात ते वाक्य नव्हतं. मी विचारलं, तर उत्तर आलं की तूर्त शक्य नाही.

सुमती : ते उत्तर कधी आलं?

गुरुदत्त : होळीच्या आधी.

सुमती : म्हणजे होळीला मी शेजारच्या विमलाबाईंना मोंबासाच्या आंब्यांचं सांगत होते, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं.

गुरुदत्त : होतं.

सुमती : तिकडची भाषा शिकायचं पुस्तक आणून दिलंत मला. पाण्याला माजी म्हणतात, मिठाला चुम्वी. पोळ्या लाटताना पाठ करत होते मी. तुम्ही समोर बसून माझी पाठांतरं घेत होतात.

गुरुदत्त : घेत होतो. रोज ठरवायचो, आज सांगू. मग तू एखादा नवीन शब्द म्हणून दाखवायचीस. तुला थांबवायला मला तोंडच उघडवेना.

सुमती : तुम्ही मला वेड्यात काढलंत.

गुरुदत्त : तसं नाही गं. एकोणीस वर्षं एका कंपनीत काढली. साहेब लोकांनी गाशा गुंडाळला, नोकरी गेली आणि नोकरीबरोबर खोली गेली. त्यानंतर किती ठिकाणी गेलो ते तू बघितलंयस. सगळीकडे पंचविशीची पोरं हवीत. मोंबासाला माझं तेच काम आहे, बोटीवरच्या मालाच्या कागदपत्रांचं. तिथे मला कुणी वय विचारलं नाही. वाटलं, तुला सांगितलं तर तू नको म्हणशील. आणि तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही, हे मला माहीत होतं.

सुमती : नको म्हणालेच असते. दोन दिवस तोंड फुगवून बसले असते, जेवले नसते. तिसऱ्या दिवशी तुमची पेटी भरायला घेतली असती. ते दोन दिवस माझे होते. ते तुम्ही परस्पर घेतलेत.

गुरुदत्त : चुकलंच माझं.

सुमती : मला राग आलाय. आणि भीतीही वाटतेय, ते वेगळं. इथे संध्याकाळ झाली की खाडीवरून वारा सुटतो आणि त्या पलीकडच्या झाडांचा आवाज येतो. चाळीत मी कधी एकटी झोपले नाही.

धाकू : आमची गोदा येल झोपाला. रोज येल. आमच्या घरान तशी पन ती कोनाला झोपू देत नाय.

सुमती : गोदा आली तर बरंच होईल. काठ्या तेवढ्या लपवून ठेवीन.

गुरुदत्त : सुमती, दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. तू इथे एकटी राहणार, तर घर तरी तुझ्या हाताला बसेल असं करून जावं, एवढंच डोक्यात होतं.

सुमती : ते कळलं मला. सकाळी पाणी ओढलं तेव्हाच कळलं. खांद्याला जराही ओढ बसली नाही. मी मनात म्हटलं, काय चांगलं केलंय यांनी. आणि मग धाकूभाऊंनी अडसराचं सांगितलं. असं निगुतीने केलेलं बघून जास्तच राग येतो, माहीत आहे? वाईट केलं असतंत तर सरळ भांडता तरी आलं असतं.

गुरुदत्त : भांड की.

सुमती : आता नाही भांडणार. बोट गेल्यावर पत्रातून भांडेन. तीन वर्षं पुरेल एवढं आहे.

धाकू : वैनी, काठी झाली. बगा, बरोबर तुमचा हात. फली तेवरी ऱ्हायली, ती संध्याकालपरत लागंल. मंग काठी वरती आड्याला बांदतंव.

सुमती : नका बांधू. फळी लागली की ती माझ्याकडे द्या. यांच्या पेटीत जाईल.

धाकू : नाय वैनी. काठी घराच्या भायेर जात नाय.

सुमती : जो घरात राहणार त्याचा हात, असं तुम्हीच म्हणालात ना? तिकडेही कधीतरी खोली मिळेल. वर्षाने मिळो, तीन वर्षांनी मिळो. तिथे जी फळी लावतील, जी खुंटी ठोकतील, ती या काठीने. मी गेल्यावर माझा हात पोचला पाहिजे.

गुरुदत्त : आणि तोवर मी एकटाच असलो तर? मला प्रत्येक वेळी वाकावं लागेल.

सुमती : वाका.

गुरुदत्त : बरं. वाकेन.

सुमती : रोज वाकायचं. म्हणजे बिऱ्हाडासाठी अर्ज करायची आठवण राहील.

धाकू : आनि इथला आडा? तो मोकला ठेवाचा नाय. छप्पर घातला का वरती काठी लागते.

सुमती : यांचा हात मोजा. यांची काठी बांधा.

धाकू : घर तुमचे मापाचा नि काठी त्यांची? असा कवा झाला नाय. माजे बापानी ऐकला असता तं करवत फेकून घरी गेला असता.

सुमती : मालक जिवंत आहे तोवर काठी सोडत नाहीत, असंच ना तुमच्यात?

धाकू : हां. असाच हाय.

सुमती : मग यांचीच बांधा. घट्ट बांधा. मला खालून दिसली पाहिजे.

गुरुदत्त : सुमती...

सुमती : तुम्ही काही बोलू नका आता. हात पुढे करा.

धाकू : मंग या, दत्ताभाव. बाही वर घ्या. हां, असा. हात सरल करा.

गुरुदत्त : केला.

धाकू : हलतंय. असा हलवला तं माप चुकंल.

गुरुदत्त : मी हलवत नाहीये, धाकू.

सुमती : थांबा, धाकूभाऊ. मी कोपर धरते.